टोचलेली सुई आणि मिटलेले तोंड

सुईच्या अग्रावर राहील एवढीही भूमी देणार नाही, असे दुर्योधनाने पांडवांना बजावले आणि पुढे अठरा दिवसांचे युद्ध झाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अगदी नगण्य गोष्टीचे माप म्हणून सुईचे टोक आपल्या भाषेत पक्के बसलेले आहे. ‘सुईच्या टोकाएवढे दुखले’ असे कोणी म्हणाले, तर त्यावर सांत्वनाचे दोन शब्दही कोणी खर्च करीत नाही. परंतु रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे माप सर्वस्वी खोटे ठरते. तेथे सुईच्या टोकावर एखाद्याचे उरलेले सारे आयुष्य तोलले जाऊ शकते. आणि तरीही त्या टोचण्याविषयी बहुधा कोणी बोलत नाही. या न बोलण्याविषयीच मला काही लिहावयाचे आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. हा डॉक्टरांचा प्रश्न, त्यांनी सोडवावा. आपण कथा-कवितांविषयी लिहावे! पण थोडा विचार केला असता असे दिसेल की, सुई टोचल्यावर कोणते औषध घ्यावे हा वैद्यकाचा प्रश्न असला, तरी सुई टोचलेला माणूस गप्प का बसतो हा वैद्यकाचा प्रश्न नाही. तो समाजाचा, वरिष्ठ-कनिष्ठ भेदाचा आणि आपण वापरतो त्या शब्दांचा प्रश्न आहे. समाजशास्त्र आणि भाषा शिकणाऱ्यांनी त्यात लक्ष घातले, तर वावगे ठरू नये.

प्रथम प्रत्यक्ष घडते काय ते पाहू. इंजेक्शन दिल्यावर, रक्ताचा नमुना घेताना, सलाईन लावताना वा काढताना, जखमेला टाके घालताना, वापरलेली सुई काम करणाऱ्याच्याच बोटात शिरते. वॉर्डात याला ‘सुई टोचली’ किंवा ‘प्रिक झाला’ एवढेच म्हणतात. सर्वांत अधिक बदनाम सवय म्हणजे वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविण्याची. एका हातात टोपण, दुसऱ्या हातात सिरिंज, आणि नेम थोडा चुकला की सुई टोपणाऐवजी बोटात! शिंप्याची सुई टोचली तर आपले रक्त बाहेर येते, इतकेच. इंजेक्शनची सुई मात्र आतून पोकळ असते. तिच्या पोकळीत राहिलेले दुसऱ्याचे रक्त आपल्या शरीरात जाऊ शकते.

या रक्तातून येणारे मुख्य पाहुणे तीन. हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन यकृत पोखरतात. बाधित रुग्णाची सुई टोचली असता लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी होण्याचा संभव शंभरात ६ पासून ३० पर्यंत असतो. रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहेत, यावर ते अवलंबून आहे. हिपॅटायटीस सीचे प्रमाण शंभरात सुमारे २ मानले जात असे. पुढील पाहण्यांत ते त्याहून कमी आढळले. एचआयव्हीचे प्रमाण हजारात सुमारे ३ आहे. म्हणजे ज्या विषाणूचे नाव ऐकून सर्वांची गाळण उडते, तो या तिघांत बराच मंद आहे, आणि ज्याच्यावर लस आहे तोच सर्वांत चपळ आहे. हिपॅटायटीस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस तग धरून राहतो. लसीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने घेतल्या आणि शरीराने त्यांना योग्य प्रतिसाद दिला, तर त्याची भीती जवळजवळ नाहीशी होते. सीवर लस नाही. परंतु गेल्या दशकात आलेल्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. एचआयव्हीवर लस नाही; पण टोचल्यानंतर वेळेवर औषध सुरू केले, तर संसर्ग टाळता येतो. तिन्ही शत्रूंवर काही ना काही उपाय आहे. मात्र प्रत्येक उपायाला एकच अट आहे. माणसाने ‘मला सुई टोचली’ असे सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या अहवालात असा अंदाज दिला होता की, जगातील साडेतीन कोटी आरोग्यसेवकांपैकी सुमारे तीस लाखांचा दर वर्षी अशा टोचण्यातून रोगट रक्ताशी संबंध येतो. त्यांतून होणाऱ्या संसर्गांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विकसनशील देशांत होतात. ज्या देशांत सुई टोचल्याची नोंदच धडपणे होत नाही, त्या देशांच्या वाट्याला हे नव्वद टक्के आले आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता ही सुई टोचते कोणाला? आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट घातलेले डॉक्टर उभे राहतात. पण दिवसभर सुया हाताळणारी असते ती परिचारिका. रात्रपाळीत एका वॉर्डाचे तीस-चाळीस रुग्ण सांभाळणारी सिस्टर, छत्तीस तास झोप न मिळालेला शिकाऊ डॉक्टर, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आपल्याच वयाची मुलगी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ. आणि या सर्वांच्या खालच्या पायरीवर आहेत ती माणसे, ज्यांनी आयुष्यात कधी कोणाला इंजेक्शन दिलेले नाही. वॉर्डातील चादरी गोळा करणाऱ्या मावशी, कचऱ्याच्या पिशव्या उचलणारे मामा, कंत्राटावर आलेला सफाई कामगार. कोणीतरी चादरीत विसरलेली किंवा साध्या कचऱ्यात टाकलेली सुई त्यांच्या हातात, पायात, मांडीत शिरते. डॉक्टरला सुई टोचली तर ती कोणत्या रुग्णाची हे त्याला निदान ठाऊक असते. त्या रुग्णाचे रक्त तपासता येते. पिशवीतून टोचलेली सुई कोणाची होती, हे मावशींना कळण्यास मार्ग नसतो. सुईपासून माणूस जितका दूर, तितके अज्ञान अधिक आणि संरक्षण कमी, असा हा उलटा न्याय आहे.

टोचल्यावर करावयाचे काय, ते अवघड नाही. जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. पिळून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, जंतुनाशके चोळू नयेत. आणि ताबडतोब सांगावे. एचआयव्हीचा धोका वाटल्यास प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांच्या आत सुरू करावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग मानला जात नाही. ते २८ दिवस घ्यावे लागते. हिपॅटायटीस बीची लस घेतलेली नसेल तर ती तातडीने देता येते, जरूर तर तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देता येते. थोडक्यात, घड्याळ त्या क्षणापासून चालू होते.

आणि नेमके याच वेळी तोंड मिटते! असे का व्हावे?

याची कारणे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. शिकाऊ मुलीने सांगितले, तर पहिला प्रश्न येतो, “लक्ष कुठे होते तुझे?” शिकाऊ डॉक्टरला वाटते, सांगावे तर अर्धा दिवस कागदपत्रांत जाणार, काम अंगावर साचणार आणि वरिष्ठ हसणार. कंत्राटी कामगाराला भीती असते की, ‘रोगट’ म्हणून आपल्याला उद्या येऊ नको म्हणतील. अविवाहित परिचारिकेच्या मनातील भीती तर आणखी वेगळी असते. एचआयव्हीची तपासणी करवून घेतली एवढे जरी घराबाहेर कळले, तरी निकाल काहीही असो, चर्चा थांबत नाही. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा रक्त तपासून घ्यावयाचे आणि तोवर हे ओझे एकटीने वाहावयाचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सुईचा घाव बारीक असतो. तो दोन दिवसांत भरतो. हा दुसरा घाव मात्र आपण सर्वांनी मिळून घातलेला असतो.

वैद्यकाच्या इतिहासाकडे पाहिले तर दिसते की, अशा जखमा जेथे जेथे सांगितल्या गेल्या, लिहिल्या गेल्या, तेथे तेथे त्यांतून साऱ्या मानवजातीला काही मिळाले आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथे कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक शवविच्छेदन शिकवीत असता एका विद्यार्थ्याच्या सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले. काही दिवसांत ते मरण पावले. त्यांचे स्नेही डॉ. सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि ते चमकले. बाळंतरोगाने मरणाऱ्या शेकडो स्त्रियांच्या शरीरात जे आढळत होते, तेच येथे होते. शवागारातून प्रसूतिगृहात येणारे डॉक्टरांचे हातच हा मृत्यू वाहून नेत आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. माता वाचू लागल्या. एका बोटाची जखम कोणी लिहून ठेवली नसती, तर हा उलगडा आणखी किती वर्षे लांबला असता कोण जाणे!

दुसरे उदाहरण अलीकडचे. एड्सचा विषाणू सुई टोचल्याने आरोग्यसेवकाला होऊ शकतो, हे १९८४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका टिपणाने जगापुढे आले. आपल्या देशात या विषाणूचा पहिला छडा लागला तो १९८६ साली मद्रासमध्ये. म्हणजे आपल्याकडे रोग सापडण्याआधीच सुईचा धोका लिहिला गेला होता. तिसरे उदाहरण १९९७ चे. सुई टोचून एचआयव्ही झालेले ३३ आरोग्यसेवक आणि टोचूनही बचावलेले शेकडो जण यांच्या नोंदींची अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमधील संशोधकांनी तुलना केली. टोचल्यानंतर झिडोव्हुडिन हे औषध घेतलेल्यांत धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळला. खोल जखम, सुईवर दिसणारे रक्त आणि थेट रक्तवाहिनीत गेलेली सुई ही अधिक धोक्याची लक्षणे, हेही त्यातूनच कळले. आज जगभर जे २८ दिवसांचे औषध दिले जाते, त्याच्या पायाशी ज्यांनी तोंड उघडले अशा माणसांच्या नोंदी आहेत. नोंद ही कारकुनी नव्हे. नोंद हेही एक औषध आहे.

मग आपल्याकडे नोंद का होत नाही? कारण आपल्या शब्दकोशात सुई टोचण्याला एकच प्रतिशब्द आहे. निष्काळजीपणा! हा शब्द इतका सोयीचा आहे की, तो उच्चारला की पुढे कोणालाच काही करावे लागत नाही. ज्याला टोचली त्याचीच चूक, प्रकरण मिटले. पण जरा वॉर्डात डोकावून पाहावे. सुया टाकण्याची पेटी रुग्णाच्या खाटेपासून वीस पावलांवर, दरवाजामागे ठेवलेली असते. उघडी सुई हातात घेऊन गर्दीतून तिथवर चालत जाणे अधिक धोक्याचे, म्हणून सिस्टर टोपण बसविते. पेटी तोंडोतोंड भरलेली असते, म्हणून टाकताना आतलीच सुई वर येते. नीडल कटर बिघडलेले असते. रुग्ण वेदनेने हात झटकतो, त्याला धरायला दुसरे माणूस नसते. रात्री वॉर्डातील दिवा मंद असतो. या साऱ्यांत निष्काळजी कोण? माणूस की मांडणी?

अमेरिकेतील कॅरन डेली या अनुभवी परिचारिकेला १९९८ साली वापरलेली सुई पेटीत टाकताना आतील दुसऱ्या सुईचे टोक लागले. त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटीस सी हे दोन्ही झाले. वीसहून अधिक वर्षे हे काम केलेल्या बाईंना कोण निष्काळजी म्हणेल? त्या गप्प बसल्या नाहीत. नाव न लपविता त्या आपल्या देशाच्या लोकप्रतिनिधींसमोर उभ्या राहिल्या. ६ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सुईच्या जखमा टाळण्यासंबंधीच्या कायद्यावर सही केली. वापरल्यावर आपोआप झाकली जाणारी किंवा आत ओढली जाणारी सुई मालकाने पुरविली पाहिजे, प्रत्येक टोचण्याची नोंदवही ठेवली पाहिजे, त्या वहीत कामगाराचे नाव गुप्त राहिले पाहिजे आणि कोणते साधन घ्यावयाचे हे ठरविताना ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचे मत घेतले पाहिजे, अशा त्यातील तरतुदी आहेत. त्यानंतर तेथील रुग्णालयांत अशा जखमा सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. एका वर्षात परिचारिका ३८ टक्क्यांनी अधिक काळजीपूर्वक वागू लागल्या, असे तर झाले नसेल! माणसे तीच होती. सुई बदलली, मांडणी बदलली.

आपल्याकडे कायदे नाहीत असे मुळीच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली झाले, २०१६ साली ते नव्याने आले. सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक आणि न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच टाकाव्यात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी. वर्षातून एकदा तरी त्याची आरोग्य तपासणी करावी, हे सारे त्यांत आहे. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने तर ज्याला कामावर अशा संसर्गाचा धोका आहे, त्याला संरक्षणाची साधने, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे औषध पुरविणे हे संस्थेचे कर्तव्यच ठरविले. हा कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून अमलात आहे. तो कायम नोकर आणि कंत्राटी कामगार असा भेद करीत नाही. तेथे काम करणारी प्रत्येक व्यक्ती, असे तो म्हणतो.

मात्र २०१६ च्या नियमांतील एक व्याख्या वाचून मन क्षणभर थबकते. ‘मोठा अपघात’ म्हणजे काय हे सांगताना कचऱ्याची गाडी उलटणे, कचरा जलाशयात जाणे यांचा त्यात समावेश केला आहे आणि सुई टोचण्यासारखे अपघात वगळलेले आहेत. नियम करणाऱ्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. प्रत्येक टोचण्याची खबर चोवीस तासांत शासनापर्यंत नेणे शक्य नाही. इतर अपघातांची माहिती वार्षिक अहवालात द्यावी, असेही तेच नियम सांगतात. पण मोठा अपघात कोणाच्या दृष्टीने? ज्या मावशींच्या मांडीत सुई शिरली त्यांच्या घरात याहून मोठा अपघात तो कोणता? वरचे ‘लहान’ म्हणतात, म्हणून खालचे लिहीत नाहीत; खालचे लिहीत नाहीत, म्हणून वरच्यांना तो लहानच दिसत राहतो. हे चक्र कोठेतरी तोडले पाहिजे.

याहून अवघड अडथळा आहे तो आपल्या एका आवडत्या शब्दाचा. तो शब्द म्हणजे ‘सेवा’. दर वर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी आपण परिचारिकांना गुलाबाची फुले देतो, त्यांना सेवेची मूर्ती म्हणतो. २०२० च्या २२ मार्चला आपण साऱ्यांनी गच्चीत उभे राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. त्या भावना खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु सेवेची मूर्ती एकदा बनविली की तिला दुखते खुपते हे आपण विसरतो. मूर्तीला हातमोजे लागत नाहीत, रजा लागत नाही, लस लागत नाही! टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण दगडाला शोभते, बोटाला नव्हे. गिरणीतील कामगाराचा हात यंत्रात सापडला तर आपण मालकाला जाब विचारतो. रुग्णालयातील कामगाराच्या हातात सुई शिरली तर तिला ‘या पेशात एवढे चालायचेच’ म्हणतो. असे का? तीही कामगारच आहे, आणि सुरक्षित काम हा तिचा हक्क आहे, फुलाबरोबर द्यावयाची भेट नव्हे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, आपोआप झाकल्या जाणाऱ्या सुया महाग; गरीब देशाच्या तालुका रुग्णालयाला त्या परवडणार कशा? आक्षेप खरा आहे. पण खाटेजवळ डबा ठेवणे, तो तीन-चतुर्थांश भरताच बदलणे, टोपण बसवावेच लागले तर ते टेबलावर आडवे ठेवून एकाच हाताने सुईने उचलणे, सर्वांना लस देणे, यांतील कोणती गोष्ट परवडत नाही? देशात १९९७ पासून हिपॅटायटीस बीची लस तयार होते आहे. तिच्या तीन मात्रांचा खर्च यकृताच्या उपचारांच्या खर्चापुढे काहीच नाही. आणि टोचल्याची नोंद करणाऱ्यावर न रागावणे, याला तर एक पैसाही पडत नाही. दुसरा आक्षेप असा की, खरोखरच निष्काळजी माणसे नसतात काय? असतात, घरोघरी असतात. पण निष्काळजी म्हणून हिणविल्याने माणूस सावध होत नाही, तो लपवू लागतो. लपविलेल्या चुकीतून कोणीच काही शिकत नाही.

हे झाले रुग्णालयाविषयी. पण मित्रहो, सुईचा हा प्रवास रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबत नाही, तो आपल्या दारापर्यंत येतो. ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच, गोळीने गुण येत नाही,’ हे वाक्य आपण कितीदा ऐकले आहे? गोळीने भागत असता हट्टाने घेतलेले प्रत्येक इंजेक्शन म्हणजे कोणाला तरी टोचू शकणारी एक अधिक सुई. घरातील मधुमेही आजोबांची इन्सुलिनची सुई कोठे जाते? बहुतेक घरांत ती भाजीच्या देठांबरोबर कचऱ्याच्या डब्यात जाते आणि सकाळी घंटागाडीवरच्या बाईंच्या हाती लागते. घरातील वापरलेल्या सुया हा घातक कचरा आहे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली, तेव्हापासून या माणसांनी आपल्या हातांचा प्रश्न वारंवार मांडला आहे. ऐकणारे कान मात्र कमी पडले. आणि नीट न टाकलेल्या सुईचा फेरा किती भयंकर असतो, हे २००९ साली गुजरातमधील मोडासा भागात दिसले. पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे तेथे हिपॅटायटीस बीची साथ पसरली, अनेक माणसे दगावली, आणि वापरलेल्या सिरिंजांचे ढीग भंगारवाल्यांच्या गोदामांत सापडले.

आपल्या हाती जे आहे ते थोडे असले तरी खोटे नाही. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिरे होतात. तेथे चहा-बिस्किटांची व्यवस्था आपण चोख ठेवतो. त्याबरोबरच प्रत्येक खाटेशेजारी सुयांचा डबा आहे की नाही, सभागृह झाडणाऱ्या शिपाई मामांना जमिनीवर पडलेली सुई हाताने उचलू नये हे कोणी सांगितले आहे की नाही, हे पाहणारे दोन स्वयंसेवक नेमता येतील. घरी इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहून, वेगळ्या देता येतील. आपल्यापैकी अनेकांच्या बहिणी, मैत्रिणी नर्सिंगला आहेत. त्यांना ‘हिपॅटायटीसच्या तिन्ही मात्रा झाल्या का?’ एवढे विचारता येईल. आणि उद्या त्यांच्यापैकी कोणी सांगितलेच की ‘आज मला सुई टोचली’, तर ‘लक्ष कुठे होते?’ हा प्रश्न गिळून ‘सांगितलेस का वॉर्डात? चल, मी बरोबर येतो,’ असे म्हणता येईल.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती आहे. आपण आम्हांला शिकविता की, शब्द निर्जीव नसतात. मग ‘निष्काळजीपणा’ आणि ‘सेवा’ हे दोन शब्द आपल्या रुग्णालयांत काय काय झाकून ठेवतात, यावर वर्गात एकदा चर्चा व्हावी. सुया बनविणारे सुया बदलतील, नियम करणारे नियम बदलतील. पण टोचल्यावर माणसाला न भिता बोलता यावे, इतका मोकळेपणा कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. तो तुम्ही-आम्ही बोलतो त्या भाषेतूनच यावयाचा आहे.